गावातल्या ‘ताई-दादा’ उपक्रमाला सरकारी पैसा: कुठून मिळतो, कशाला मिळत नाही, कागद कसे करायचे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या गावात आठवी ते बारावीच्या 24 मुलामुलींना प्रत्येकी एक मोठी ताई किंवा दादा जोडून द्यायचा आहे. दोघांनी महिन्यातून तीनदा भेटायचं; अभ्यास, दहावीनंतर काय, घरातले ताण, मोबाइल, मासेमारीत जायचं की मुंबईला, यावर बोलायचं. मंडळ नोंदणीकृत आहे, ताई-दादा तयार आहेत. ग्रामपंचायत मात्र म्हणते, ‘मेंटरिंगची योजनाच नाही, पैसे कशातून देणार?’

ग्रामपंचायतीचं म्हणणं खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. मेंटरिंग नावाचं लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातला खर्चाचा मथळा) गावपातळीवर शोधून सापडणार नाही. म्हणून उपक्रमाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा आधीपासून असलेल्या शीर्षाखाली बसवायचा: प्रशिक्षण, प्रवास, जागा, साहित्य, समन्वयक. पहिल्या चार गोष्टींना सार्वजनिक पैसा मिळू शकतो. पाचवीला जवळजवळ मिळत नाही, आणि उपक्रम उभा राहतो तो तिच्यावरच.

समन्वयकाचं काम बाहेरून दिसत नाही. पावसात भेट रद्द झाली तर दुसरा वार ठरवणं, दादा कंटाळला तर त्याला फोन करणं, मुलगी दोनदा आली नाही तर तिच्या वाडीवर जाऊन येणं, नोंदवही तपासणं. हे कोणी करत नसेल तर जोड्या तिसऱ्या महिन्यातच विरघळतात. जोडी मध्येच तुटणं निरुपद्रवीही नसतं. अमेरिकेतल्या ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांच्या 2002 च्या अभ्यासात वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा दिसला; तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतल्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत उलट घसरली. ज्याचा बाप बोटीवर किंवा मुंबईत आणि जो आधीच ‘आपल्याकडे कोणी बघत नाही’ असं धरून बसलाय, त्याला आणखी एक माणूस सोडून जाणं जड जातं. म्हणून निधीची आखणी समन्वयकापासून सुरू करा. वह्या आणि टी-शर्टपासून नको.

आता हिशेब. हे आकडे मांडणी समजण्यासाठी आहेत. तुमच्या गावचे भाडे-दर घालून बदला. 24 जोड्या, वर्षात दहा महिने भेटी. समन्वयकाचं मानधन महिना 15,000, वर्षाचे 1,80,000. प्रवास: 24 जोड्या, महिन्याला 3 भेटी, भेटीला 80 रुपये, दहा महिने, म्हणजे 57,600. महिन्यातून एकदा सगळ्यांचा एकत्र मेळ, 60 माणसांचा चहा-नाश्ता 40 रुपयांप्रमाणे, 24,000. दोन दिवसांचं प्रशिक्षण: 26 जणांचं जेवण-चहा दिवसाला 250 रुपयांप्रमाणे 13,000, प्रशिक्षकांचं मानधन व प्रवास 12,000. नोंदवह्या आणि साहित्य 7,200. दोन सहली, प्रत्येकी 9,000 ची गाडी, 18,000. प्रथमोपचार पेटी व किरकोळ 5,000. समन्वयकाचा रिचार्ज 3,600. लेखापरीक्षण 10,000. ताई-दादांचा पंतप्रधान सुरक्षा विमा, माणशी वर्षाला 20 रुपये, 480. बेरीज 3,30,880. मुलामागे साधारण 13,800 रुपये, आणि त्यातले निम्म्याहून जास्त समन्वयकाचे. बहुतेक प्रस्तावांत हा आकडा लाजून लपवला जातो, ‘स्वयंसेवक पाहतील’ असं लिहिलं जातं, आणि उपक्रम तिथेच बसतो.

ग्रामपंचायतीकडून काय मागायचं

ग्रामपंचायतीकडे दोन वेगळे गल्ले असतात: वित्त आयोगाचा आणि स्वतःच्या उत्पन्नाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या (2021-22 ते 2025-26) निधीत 60 टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठी. 40 टक्के अबंधित होते, गावाच्या गरजेप्रमाणे. पण अबंधितातूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नव्हता. त्यामुळे समन्वयकाचं मानधन वित्त आयोगातून मागू नका. प्रस्ताव तिथेच परत येईल आणि त्याच्याबरोबर बाकीच्या चांगल्या मागण्याही परत येतील.

स्वउत्पन्नातून 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. तुमचा खरा दरवाजा हा. समजा, स्वउत्पन्न 6 लाख आहे: 10 टक्क्यांचे 60,000, 15 टक्क्यांचे 90,000, 5 टक्क्यांचे 30,000. कागदावर बरं दिसतं, पण 10 टक्क्यांवर अंगणवाडीची खेळणी, शिलाई प्रशिक्षण, सॅनिटरी पॅड अशा मागण्या आधीच रांगेत असतात. त्यामुळे सगळं मागण्यापेक्षा एकच नेमकी गोष्ट मागा: मुलींच्या जोड्यांचा प्रवासखर्च. 24 पैकी 12 मुली असतील तर तो 28,800 होतो आणि त्या शीर्षात चपखल बसतो. 15 टक्क्यांतून मागाल तर लाभार्थ्यांच्या जातीच्या दाखल्यांच्या प्रती आणि वेगळी यादी लागेल. 5 टक्क्यांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र. या याद्या आधीच तयार ठेवा. ग्रामसेवकांना (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) शोधाशोध करायला लावली की विषय पुढच्या मासिक सभेवर जातो.

‘योजनाच नाही’ या हरकतीचं उत्तर ग्रामपंचायत विकास आराखड्यातच आहे. आराखडा ज्या नऊ संकल्पनांवर बेततात, त्यांतली एक ‘बालस्नेही गाव’ आहे. उपक्रम तिच्याखाली नोंदवला की तो आराखड्यातलं काम होतो. आराखड्यात कमी खर्चाच्या आणि बिनखर्चाच्या कामांनाही जागा असते, तेव्हा शाळेची खोली किंवा वाचनालय वापरणं हेही तिथेच लिहून घ्या.

पायऱ्या अशा. ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी बालसभा भरवा आणि मागणी मुलांच्या तोंडून, त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात येऊ द्या. मग ग्रामसभा. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या. ती झाली नाही तर सभा तहकूब, म्हणून आपली माणसं मोजून न्या. ठराव तोंडी मांडू नका, लिहून द्या. असा:

‘बालस्नेही गाव या संकल्पनेखाली इयत्ता 8 वी ते 12 वीच्या 24 मुलामुलींसाठी मार्गदर्शन व सोबत उपक्रम येत्या आर्थिक वर्षाच्या आराखड्यात घ्यावा. (अ) मार्गदर्शकांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण, अमुक निधीतून, 25,000 रुपये. (ब) मुलींच्या जोड्यांचा प्रवासखर्च, महिला व बालकल्याण 10 टक्के निधीतून, 28,800 रुपये. (क) शाळेची एक खोली दर शनिवारी दुपारी, विनामूल्य, शाळा व्यवस्थापन समितीच्या संमतीने. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.’

रक्कम, शीर्ष आणि संख्या या तिन्ही गोष्टी ठरावात हव्यात. ‘युवकांसाठी उपक्रम राबवावा’ एवढाच ठराव झाला तर त्यावर एक रुपयाही काढता येत नाही. ठरावाची नक्कल हातात आल्यावर थांबू नका. तरतूद नमुना 1 मध्ये, म्हणजे अंदाजपत्रकात, आली का ते पाहा. नाही आली तर वर्षाच्या मध्यात नमुना 2 वर पुनर्विनियोजन (एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याकडे वळवणं) करून घ्यावं लागतं आणि त्याला पुन्हा सभा लागते.

जिल्ह्याकडून

जिल्हा वार्षिक योजनेत ‘नाविन्यपूर्ण योजना’ असा भाग असतो. जी गोष्ट दुसऱ्या कुठल्या योजनेत बसत नाही, तिच्यासाठी. मंडळाने थेट जिल्ह्याच्या मुख्यालयात, म्हणजे ओरोसला (सिंधुदुर्ग) किंवा रत्नागिरीला, अर्ज नेला तर तो फिरत राहतो, कारण हा पैसा कार्यान्वयन यंत्रणेमार्फत, म्हणजे योजना राबवणाऱ्या सरकारी विभागामार्फतच, खर्च होतो. प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या शिक्षण किंवा महिला व बालकल्याण विभागाने मांडायला हवा. तुमचं मंडळ त्यात राबवणारी संस्था म्हणून, रीतसर निवड होऊन येतं. जिल्हा परिषदेचाच मार्ग धरण्याचं आणखी एक कारण आहे. जिल्हा नियोजनाचा निधी जिल्हा परिषदेला खर्च करायला पुढच्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंत, म्हणजे दोन वर्षं मिळतात; राज्य शासनाच्या कार्यालयांना त्याच वर्षाच्या 31 मार्चपर्यंत. मेंटरिंगसारख्या महिन्या-महिन्याने होणाऱ्या खर्चाला हा फरक जीवदान देणारा आहे.

फेब्रुवारीत बचतीचा, म्हणजे न खर्चलेला, निधी फिरतो, ‘उद्या प्रस्ताव द्या, मार्चएंडला खर्च करा’ असा निरोप येतो. अशा वेळी भेटींचा खर्च मागू नका, तो तीन आठवड्यांत प्रामाणिकपणे होऊच शकत नाही. पुढच्या वर्षाच्या नोंदवह्या, मार्गदर्शिकेची छपाई, प्रथमोपचार पेटी, वाचनालयातलं एक कपाट, एवढंच मागा. प्रशासकीय मान्यतेच्या आधी खरेदी केलेली वस्तू मात्र त्यात बसणार नाही. आदेशाची तारीख आधी, बिलाची नंतर.

पैसा हातात न येता मिळणारी मदत याहून मोठी असते आणि लोक ती विसरतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास काम करायचं असतं. तुमच्या ताई-दादाचे तास मोजा: तीन भेटी दीड-दीड तासाच्या, दहा महिने, 45 तास, प्रशिक्षण 12, मासिक मेळ दोन तासांचे, 20. एकूण 77. कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडून हे तास धरले जातील असं पत्र आधी घ्या. फक्त पहिल्या वर्षी नोंदणी झालेले विद्यार्थी निवडा, म्हणजे दोन वर्षं हाताशी राहतात. शेवटच्या वर्षाचा मुलगा एप्रिलनंतर पुण्या-मुंबईला गेलेला असतो.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून 10 ते 19 वयोगटासाठी आहे. सरकारी रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकचे (किशोरवयीनांसाठीचा सल्ला विभाग) समुपदेशक तुमच्या प्रशिक्षणात एक सत्र घेऊ शकतात. सरकारी शाळेत बाहेरच्या स्वयंसेवकांना यायचं तर विद्यांजली या शालेय स्वयंसेवकांच्या सरकारी पोर्टलवर नोंद केल्याने मुख्याध्यापकांना वरिष्ठांपुढे दाखवायला कागद राहतो. आणि आई किंवा वडील गमावलेली मुलं जोडीत असतील तर मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेची प्रायोजकत्व मदत (महिना 4,000 रुपये) किंवा बालसंगोपन योजना यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे अर्ज करवून घेणं हे समन्वयकाच्या पहिल्या महिन्याच्या कामात लिहा. तो पैसा उपक्रमाचा नाही, मुलाचा आहे. पण त्याच्यामुळे मुलगा शाळेत टिकतो, आणि टिकला तरच ताई-दादाचा उपयोग.

समन्वयकाचे पैसे

हे मुंबई मंडळाकडून मागा. कोकणातल्या बहुतेक गावांचं मुंबईत मंडळ असतं आणि ते गणपतीत वह्या, दप्तरं, गुणगौरव यांवर मनापासून खर्च करतं. त्यांना सरळ सांगा की वस्तूंसाठी सरकारी पैसा मिळतो, माणसासाठी मिळत नाही; तुमचे पैसे माणसाला द्या. साठ चाकरमानी घरांनी दरमहा 250 रुपये दिले की 15,000 होतात. एकरकमी देणगीपेक्षा दरमहाची बँकेतली स्थायी सूचना बरी, कारण समन्वयकाला मानधन दरमहा लागतं.

खेड-दापोलीपासून रत्नागिरीपर्यंतच्या गावांत आखातातून पैसे पाठवणारे बरेच असतात. देणारा भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्याची देणगी मात्र ठरते आणि विदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. पावती फाडण्याआधी हे विचारा.

मंडळाचे कागद

सगळ्यात जास्त प्रस्ताव इथे अडतात. जुनं मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असतं, पण परिशिष्ट 1 वर नावं निघतात वारलेल्या विश्वस्तांची. नवी कार्यकारिणी निवडली की 90 दिवसांत फेरफार अहवाल (विश्वस्त बदलल्याची नोंद) दाखल करायचा असतो; वीस वर्षांत चार निवडी झाल्या आणि एकही अहवाल दाखल नाही, अशी स्थिती असेल तर आधी तो अनुशेष काढा. त्यात महिने जातात. नोंदणी मुंबईच्या कार्यालयात आणि काम सिंधुदुर्गात असेल तर घटनेत कार्यक्षेत्र काय लिहिलंय तेही पाहा. शिवाय तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, 12-अ व 80-जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक लागतो.

अनुदान आलं तर त्याचं बँक खातं वेगळं ठेवा. केंद्राच्या अनुदानावर मिळालेलं व्याज सामान्य वित्तीय नियम 2017 नुसार परत करावं लागतं. ते खर्चून टाकलं की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्चल्याचा दाखला, अडकतं. हे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत द्यायचं असतं, पण तोवर थांबलात तर पुढचा हप्ताही तोवर थांबतो. मे महिन्यातच देऊन मोकळे व्हा.

आता प्रमाणकं, म्हणजे व्हाउचर. एसटीचं तिकीट थर्मल कागदावर छापलेलं असतं. दमट हवेत ते दोन-तीन महिन्यांत कोरं पडतं आणि लेखापरीक्षक कोरा कागद मान्य करत नाही. भेटीच्या दिवशीच तिकिटाचा फोटो आणि झेरॉक्स घ्या, तिकीट झेरॉक्सच्या शेजारी चिकटवा, बाजूला तारीख, जोडी क्रमांक आणि ताई-दादाची सही. प्रत्येक प्रमाणकावर ‘खर्च अमुक निधीतून’ असा शिक्का मारा. एकच सहल ग्रामपंचायतीलाही दाखवली आणि मुंबई मंडळालाही, असं बहुतेक वेळा लबाडीने होत नाही, विसरण्याने होतं. पण सापडलं की दोन्ही दरवाजे बंद होतात. रजिस्टरं प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवा. जुलैत वाळवी आणि बुरशी दोन्ही लागतात.

अहवालात ‘मेळाव्यास 150 युवक उपस्थित’ असले आकडे टाळा. जोड्या किती, किती टिकल्या, किती भेटी ठरल्या, किती झाल्या, शाळेतली हजेरी किती, एवढ्या पाच रकान्यांनी दुसऱ्या वर्षाचा प्रस्ताव तोलला जातो.

वेळापत्रक

सरकारचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, शाळेचं जूनच्या मध्याला, आणि गावाचं तिसरंच असतं. यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, म्हणून मच्छीमार वाड्यांतल्या दादांचं प्रशिक्षण याच दोन महिन्यांत घ्या. ऑगस्टपासून ते समुद्रावर. शेतीच्या वाड्यांत जुलैमध्ये लावणी, तिथलं प्रशिक्षण ऑगस्टात, गणपतीच्या आधी. जोड्या गणपतीनंतर लावा, कारण त्या दिवसांत कोणीच कोणाला भेटत नाही आणि पहिल्या तीन भेटी हुकल्या की जोडी जमत नाही. दहावी-बारावीवाल्यांच्या भेटी फेब्रुवारी-मार्चात आठवड्याच्या छोट्या फोनवर आणा. मार्च ते मे आंबा-काजू आणि मध्ये शिमगा; मे मध्ये मुंबईकर गावात असतात, तेव्हा एकत्र मेळ मोठा घ्या आणि समन्वयकाच्या पुढच्या वर्षाच्या पैशांचं तिथेच ठरवा.

सुरक्षा

याच्याशिवाय पैसा घेऊच नका. मुलांच्या नियमित संपर्कात असणाऱ्या संस्थेने आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करून घ्यावी, असं पोक्सोचे (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) 2020 चे नियम सांगतात. ती स्वयंसेवक ताई-दादांसह सर्वांची करा. अर्ज जोड्या लावण्याच्या किमान सहा आठवडे आधी टाका. भेट शाळेच्या पडवीत, वाचनालयात, देवळाच्या सभामंडपात, म्हणजे येता-जाता दिसेल अशा ठिकाणी. कोणाच्या घरी, बागेत, होडीवर एकट्याने नाही. दुचाकीवर मागे बसवून नाही. मुलीला ताईच. पालकांची लेखी संमती, त्यात भेटीचा वार आणि जागा. अत्याचाराची माहिती मिळाली तर पोलिसांना कळवणं पोक्सोच्या कलम 19 प्रमाणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘गावात मिटवू’ हा पर्याय कायद्यात नाही आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. नोंदवहीच्या पहिल्या पानावर 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) आणि पोलीस ठाण्याचा नंबर छापा.

शेवटी सुरुवात किती मोठी करायची, ते. समन्वयकाचं मानधन 18 महिन्यांचं हातात असल्याशिवाय जोड्या लावू नका. 24 जोड्यांना ते 2,70,000 होतं. तेवढं जमत नसेल तर 12 जोड्या आणि अर्धवेळ समन्वयक महिना 8,000 वर, म्हणजे 1,44,000, असं सुरू करा. उरलेल्या बारा मुलांना मासिक मेळाला बोलवा, पण ताई-दादा पुढच्या वर्षी देऊ असं आत्ताच स्पष्ट सांगा.